डोक्याला मार लागल्यानंतर भरपाईचा दावा कसा उभा करावा

हात किंवा पाय मोडलेला माणूस न्यायालयात आला की त्याची दुखापत सर्वांना दिसते. मेंदूला मार बसलेला माणूस मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतो, नाव-गाव नीट सांगतो, आणि मग विमा कंपनीचे वकील विचारतात की याला नेमके झाले तरी काय आहे. मोटार अपघातात डोक्याला मार लागलेल्यांचे बहुतेक दावे या प्रश्नापाशी अडतात. आमचे थोरले बंधू डवरणीच्या दिवसांत वावरातून मोटारसायकलने घरी येताना मागून आलेल्या वाहनाच्या धडकेत पडले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवसापासून कागदावर जमवावे लागते हे आम्हांला ठाऊक नव्हते. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या खेड्यांत अशी वेळ आलेल्या घरांसाठी पुढील माहिती लिहीत आहे.

विदर्भातल्या खेड्यातला जखमी माणूस एका रुग्णालयात थांबत नाही. १०८ ची रुग्णवाहिका त्याला ग्रामीण रुग्णालयात नेते, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागणार असेल तर पुढे नागपूरचे मेडिकल किंवा सेवाग्रामचे रुग्णालय गाठावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर एक चिठ्ठी मिळते आणि धावपळीत नेमकी तीच हरवते. पहिल्या ग्रामीण रुग्णालयातील नोंद सर्वांत मोलाची असते, कारण अपघाताची वेळ, ठिकाण, कोणत्या वाहनाने धडक दिली, रुग्ण बेशुद्ध होता की नव्हता, उलट्या झाल्या का, हे तेथेच प्रथम लिहिले जाते. डॉक्टरांना वाहनाच्या धडकेने अपघात झाल्याचे स्पष्ट सांगावे आणि एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद) झाल्याची खात्री करून घ्यावी. भीतीपोटी ‘घसरून पडला’ असे सांगितले गेले, तर ते एक वाक्य पुढे वर्षानुवर्षे दाव्याला नडते. खर्चाची चिंता असेल तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात, याची विचारणा दाखल करतानाच करावी.

उपचारांच्या कागदांत ग्लासगो कोमा स्केल या नावाखाली तीन ते पंधरा यांमधला एक आकडा लिहिलेला असतो. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, नऊ ते बारा म्हणजे मध्यम आणि आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर दुखापत, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. हा आकडा, सीटी स्कॅनचा अहवाल व त्याची फिल्म, शस्त्रक्रियेची टिपणे आणि संपूर्ण केसपेपर यांच्या प्रमाणित प्रती रुग्णालयाकडून लेखी अर्ज करून मागाव्यात. केवळ डिस्चार्ज कार्डावर विसंबू नये. आमच्या बंधूंच्या डिस्चार्ज कार्डावर ‘डोक्याला मार, प्रकृती समाधानकारक’ एवढेच लिहिले होते, आणि उलटतपासणीत ते चार शब्द आम्हांला तीनदा वाचून दाखवण्यात आले. त्याच काळात त्यांना स्वयंपाकघरात जळणाऱ्या भाजीचा वास येत नव्हता, स्वतःच्या वावराची वाट चुकत होती, आणि कापूस वेचणीच्या मजुरांचा किलोप्रमाणे संध्याकाळी होणारा हिशेब, जो ते पूर्वी तोंडी करीत, तो वहीवरही जमत नव्हता. यातले काहीही कोणत्याही कागदावर आलेले नव्हते.

म्हणून घरी परतल्यावर एक वही घालावी आणि रोज तारीख टाकून साध्या शब्दांत लिहावे: आज काय विसरले, किती वेळा विनाकारण चिडले, झटका (फीट) आला का, किती वेळ टिकला, डोके किती वेळ दुखले, आंघोळीला किंवा औषधाला कोणाची मदत लागली. आमच्या वहिनींनी हे मुलाच्या जुन्या शालेय वहीत लिहिले, आणि पुढे साक्ष देताना त्यांना तारखा आठवाव्या लागल्या नाहीत. ही वही प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी व त्यांतील तक्रारी केसपेपरवर नोंदवण्याची विनंती करावी, कारण घरच्यांच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील नोंदीला न्यायालयात अधिक वजन असते. सीटी स्कॅन चांगला आला तरी स्मृती, लक्ष आणि स्वभाव यांवर परिणाम झालेला असू शकतो. तो मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडून स्मृतीची व बुद्ध्यंकाची चाचणी करून घ्यावी लागते. काही रुग्णांच्या, विशेषतः वयस्करांच्या, मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचते आणि त्रास कित्येक आठवड्यांनी दिसू लागतो. अशा वेळी नव्या कागदांवर जुन्या अपघाताचा उल्लेख आवर्जून करवून घ्यावा.

पोलिसांकडे गुन्हा शक्य तितक्या लवकर नोंदवावा. उपचारांच्या धावपळीत उशीर झाला तर केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, पण उशिराचे कारण फिर्यादीत लिहिलेले असावे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे जेथे भरपाईचा दावा चालतो तेथे, व विमा कंपनीला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत द्यायचा असतो. आपण एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वाहनाचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती मागून घ्याव्यात. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

येथे काही वाटा फुटतात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची मदत मिळते व तिचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे करावा लागतो. दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा संबंध नसताना, आपल्याच चुकीने मोटारसायकल घसरली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीबद्दल भरपाई मागण्याचा, दावा टिकत नाही. मात्र गाडी जखमीच्याच नावावर असेल आणि परवाना वैध असेल, तर पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे का ते तपासावे, कारण कायमचे पूर्ण अपंगत्व त्यात बसते. वेचणीला किंवा लग्नाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड असतो. शेतीकामासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरवर प्रवासी बसवल्याचे कारण देऊन कंपनी जबाबदारी नाकारते. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण तसे होईलच असे धरून चालू नये. अशा दाव्यात मालकाला पक्षकार करायला विसरू नये.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात कोठेही झाला असला तरी जखमी व्यक्ती जेथे राहते तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्याजवळ अपघात झालेल्या मजुराच्या घरच्यांना पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. जिल्हा न्यायालयाखेरीज पुसद, अचलपूर, खामगाव यांसारख्या ठिकाणीही असे दावे चालतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तेव्हा मुदत उलटली असली तरी वकिलांना विचारल्याशिवाय आशा सोडू नये. मेंदूच्या दुखापतीत मोठी अडचण अशी की सहा महिन्यांत रुग्ण कितपत सुधारेल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्यासाठी थांबू नये. हाती असलेल्या कागदांवर अर्ज मुदतीत दाखल करावा, अपंगत्वाचे प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी द्यावे. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते.

जखमी व्यक्ती स्वतःचे हित समजण्याच्या स्थितीत नसेल तर पत्नी, वडील किंवा भाऊ वादमित्र म्हणून तिच्या वतीने दावा चालवू शकतात. त्यासाठी वैद्यकीय कागद जोडून परवानगी मागावी लागते. अशा व्यक्तीचा अंगठा घेऊन वकीलपत्र केले असेल तर पुढे सर्वच व्यवहारांवर आक्षेप येतो. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. रुग्णालयाच्या आवारात येऊन ‘आमचे वकील सर्व करतील, निकालानंतर इतके टक्के द्या’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. निकालावर अवलंबून अशी टक्केवारी ठरवणे वकिलांना नियमाने मना आहे, आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही देण्याचे तर काहीच कारण नाही.

आता रकमेचा विचार. वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे की भरपाई ठरवताना, त्या अपंगत्वामुळे त्या माणसाची कमाईची क्षमता किती घटली, हे पाहायचे असते. वकील यालाच फंक्शनल डिसॅबिलिटी म्हणतात. समजा चौतीस वर्षांच्या माणसाचे मासिक उत्पन्न बारा हजार रुपये धरले गेले. स्वयंरोजगार असलेल्या, चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवतात. ते महिना १६,८०० आणि वर्षाला २,०१,६०० रुपये होतात. वार्षिक उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात त्याला गुणक म्हणतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार या वयाचा गुणक सोळा आहे. मंडळाने लिहिलेले चाळीस टक्केच जसेच्या तसे धरले तर रक्कम १२,९०,२४० रुपये येते. हा माणूस आता शेताचे नियोजन, मजुरांचा हिशेब किंवा वाहन चालवणे यांतले काहीही करू शकत नाही, हे सिद्ध होऊन कमाईतील घट सत्तर टक्के धरली गेली, तर तीच रक्कम २२,५७,९२० रुपये होते. वर सांगितलेल्या वहीचे आणि चाचण्यांचे महत्त्व या फरकात आहे. त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. शेजारच्या वावराचा शेतकरी किंवा बरोबर काम करणारा मजूर यांनी आधीचा माणूस व नंतरचा माणूस असा फरक सांगितला तर तोही उपयोगी पडतो.

उत्पन्नासाठी सातबारा, आठ-अ, पीक पाहणी, बाजार समितीतील किंवा जिनिंगमधील काटापावत्या, बँकेचे पासबुक जमवावे. जमीन तर घरातच आहे, मग नुकसान कसले, असा युक्तिवाद शेतकऱ्याच्या दाव्यात नेहमी होतो. त्याला उत्तर म्हणून अपघातानंतर वावर बटईने द्यावे लागले, गडी ठेवावा लागला किंवा ओलिताचे पीक सोडावे लागले, याचे कागद व साक्षीदार आणावेत. मजुराकडे पुरावा नसेल तर न्यायालये किमान वेतनाचा आधार घेतात. गृहिणीच्या घरकामाचेही मोल धरले जाते, ते मागायला संकोच करू नये.

मेंदूच्या दुखापतीत सर्वांत अधिक विसरली जाणारी बाब म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च. पत्नीने रोजी सोडून नवऱ्याजवळ बसायचे, हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते आणि म्हणून कोणी ते अर्जात लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, बाराव्या वर्षी अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात, दोन मदतनिसांचा प्रत्येकी महिना पाच हजारप्रमाणे खर्च अठरा या गुणकाने धरून एकवीस लाख साठ हजार रुपये केवळ या एका बाबीसाठी दिले. झटक्यांची औषधे, पुढील तपासण्या, नागपूरच्या खेपा, फिजिओथेरपी हेही याच वेळी मागावे लागते, कारण अंतिम निवाड्यानंतर भावी उपचारांसाठी पुन्हा दावा करता येत नाही. गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या आणि औषधांची बिले तारखेप्रमाणे लावून ठेवावीत.

उलटतपासणीत हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, परवाना नव्हता, असे मुद्दे येतील. खरे ते सांगावे. केवळ परवाना नसणे किंवा तिघे बसणे म्हणजे अपघातात आपलाही दोष असणे नव्हे. त्या गोष्टीमुळे अपघात घडला हे दुसऱ्या बाजूला दाखवावे लागते. हेल्मेटचा मुद्दा डोक्याच्या दुखापतीत अधिक जड जातो आणि त्यावरून काही रक्कम कापली जाऊ शकते, याची मनाशी तयारी ठेवावी.

दावा चालू असताना लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. तेथे झालेला निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. अपंगत्वाचे मूल्यांकन झाल्यावर आलेला योग्य प्रस्ताव स्वीकारण्यात गैर काही नाही, कारण वर्षे वाचतात. त्याआधी, रुग्णाची स्थिती स्थिरावलेली नसताना, घरात पैशांची निकड आहे म्हणून मान हलवू नये. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मिळणारे अडीच लाखही असेच आहेत. ते स्वीकारले की न्यायाधिकरणातील दावा संपतो.

निवाड्याची रक्कम दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याजासह मिळते, आणि जखमी व्यक्ती स्वतः व्यवहार करू शकत नसेल तर तिचा मोठा भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवते. शस्त्रक्रिया किंवा औषधांसाठी त्यातून पैसे हवे असतील तर डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणात अर्ज करावा. रक्कम अपुरी वाटली तर निवाड्यापासून नव्वद दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येते, म्हणून निवाड्याची प्रमाणित प्रत निकालाच्या दिवशीच मागावी.