फ्रान्सला निघण्याआधी इतिहास वाचताय? या चुका टाळा

"मावशी, किल्ला कुठंय?" पॅरिसच्या बास्तीय (आपल्या पुस्तकांतलं 'बॅस्टिल') मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आल्याबरोबर भाच्याने विचारलं. रायगड, तोरणा पायी चढलेला मुलगा तो. किल्ला म्हटलं की निदान ढासळलेला बुरूज, तटाचा तुकडा तरी दिसणारच, ही त्याची खात्री. समोर होता गाड्यांनी गजबजलेला चौक आणि मधोमध एक उंच हिरवट खांब, त्यावर सोनेरी पुतळा.

निघण्याआधी महिनाभर आम्ही घरी याच किल्ल्याबद्दल वाचत होतो. १४ जुलै १७८९ ला जमावाने तो कसा घेतला, आत तेव्हा फक्त ७ कैदी होते, सगळं तोंडपाठ. पण त्यानंतर लगेच तो पाडायला घेतला, त्याचे दगड सेन नदीवरच्या कॉन्कॉर्द पुलासाठी वापरले, हे आमच्यापैकी कोणी वाचलंच नव्हतं. आणि तो खांब १७८९ चा नाहीच. १८३० च्या जुलैमध्ये पुन्हा क्रांती झाली, तिच्यात मेलेल्यांचं ते स्मारक आहे.

तेव्हापासून फ्रान्सला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते. वाचायचं ते जागेचं नाव धरून वाचा, आणि वहीत प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: बांधलं कधी, मोडलं कोणी, आणि आज दिसतंय ते कधीचं. तिसरी गोष्टच नेमकी लिहायची राहून जाते.

वॉटर्लूपाशी पुस्तक मिटणं

शाळेत आपण फ्रेंच राज्यक्रांती शिकतो, १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियन हरला की धडा संपतो. पण पॅरिसमध्ये पाय दुखेपर्यंत ज्या रुंद रस्त्यांवरून तुम्ही चालणार आहात, त्यातले बरेचसे त्यानंतरचे आहेत. नेपोलियनचा पुतण्या तिसरा नेपोलियन सम्राट असताना ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने १८५३ ते १८७० या काळात जुन्या वस्त्या पाडून हे रस्ते काढले. लूव्ह्र संग्रहालयाच्या पिरॅमिडपाशी उभं राहिलं की पश्चिमेला एकदम मोकळी बाग दिसते. तिथे पूर्वी त्विलरी राजवाडा होता. १८७१ च्या कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी सरकारविरुद्ध केलेल्या, उठावात तो जळाला. आयफेल टॉवर १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारला, आणि ते प्रदर्शन क्रांतीच्या शताब्दीचं होतं.

उपाय सोपा आहे. एका पानावर एवढं लिहून घ्या: १७९२ पहिलं प्रजासत्ताक, १८०४ पहिलं साम्राज्य, १८१४ पासून पुन्हा राजे, १८४८ दुसरं प्रजासत्ताक, १८५२ दुसरं साम्राज्य, १८७० तिसरं प्रजासत्ताक, १९४६ चौथं, १९५८ पासून आजचं पाचवं. हे पान पर्समध्ये ठेवा. पाटीवर 'साम्राज्य' दिसलं की आधी विचारायचं, पहिलं की दुसरं?

लुई राजांची गल्लत

चौदावा, पंधरावा, सोळावा म्हणजे आजोबा, वडील, मुलगा असं आपण मनात धरून चालतो. तसं नाही. चौदावा ७२ वर्षं गादीवर होता, त्याचा मुलगा आणि थोरला नातू त्याच्या डोळ्यांदेखत गेले. पंधरावा त्याचा पणतू. सोळावा हा पंधराव्याचा नातू. सतरावा गादीवर बसलाच नाही, तो लहान मुलगा १७९५ मध्ये कैदेत वारला. म्हणून पुढे राजा झालेला सोळाव्याचा भाऊ स्वतःला अठरावा म्हणवतो.

आजचा नकाशा जुन्या काळावर ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिच्यात आपलाच एक धागा हरवतो. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा डी बॉईन आपल्या पुस्तकांत 'फ्रेंच सेनानी' म्हणून भेटतो. तो १७५१ मध्ये शांबेरीला जन्मला. शांबेरी सव्हॉय प्रांतात, आणि सव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हताच. तो सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता, फ्रान्सला जोडला गेला १८६० मध्ये. नीसही त्याच वर्षी.

आल्प्सकडे जाणार असाल तर शांबेरीला अर्धा दिवस उतरा. डी बॉईनने हिंदुस्थानातून परतल्यावर गावाला भरपूर पैसा दिला. त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये तिथे कारंजं बांधलं. उंच खांबावर तो उभा आणि खाली चार दिशांना चार हत्ती, सोंडा पुढे केलेले. हत्तींचा पुढचा अर्धाच भाग आहे, मागचा खांबात गेलाय, त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना टोपणनावही ठेवलंय. पानपतानंतर उत्तरेत पुन्हा जम बसवणाऱ्या महादजींची आठवण एका आल्प्सच्या गावात अशी समोर यावी, याने मला भरून आलं. अशी जागा माहीत नसल्यामुळे बाजूने गाडीतून निघून जाणं मनाला लागतं.

व्हर्सायला फक्त राजा-राणी शोधणं

पॅरिसजवळच्या या राजवाड्याच्या खोल्या रिकाम्या वाटतात म्हणून लोक हिरमुसतात. क्रांतीत तिथलं बरंचसं सामान लिलावात गेलं, हे आधी वाचलेलं असेल तर ते रिकामेपण बोलायला लागतं. आरसेमहालात तर तीन तारखा मनात ठेवूनच शिरा. ६ ऑक्टोबर १७८९ ला सोळावा लुई हा राजवाडा कायमचा सोडून पॅरिसला गेला. १८ जानेवारी १८७१ ला, फ्रान्सला हरवत आलेल्या जर्मनांनी याच महालात आपल्या साम्राज्याची घोषणा केली. २८ जून १९१९ ला इथेच पहिल्या महायुद्धाचा तह झाला. जर्मनांना सह्या करायला इथेच का बोलावलं, ते मधली तारीख माहीत असली की आपोआप कळतं. (व्हर्साय सोमवारी बंद असतं, लूव्ह्र मंगळवारी. बेत आखताना हे आधी.)

पाट्या वाचताना अडखळणं

शतकं रोमन आकड्यांत लिहिलेली असतात, तेव्हा ते आकडे घरूनच घोटून घ्या. क्रांतीच्या काळातल्या वस्तूंवर 'वर्ष २' असं लिहिलेलं दिसलं तर ती चूक नव्हे, ते क्रांतीचं वेगळं कॅलेंडर आहे. नावांचंही तसंच: 'बॅस्टिल' विचारलंत तर समोरचा गोंधळेल, बास्तीय म्हणा.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दर्शनी भिंतीवरची राजांची रांग पाहाल तेव्हाही तिसरा प्रश्न विचारा. ते पुतळे एकोणिसाव्या शतकातले. मूळचे बायबलमधल्या यहुदाच्या राजांचे होते, पण क्रांतिकारकांना ते फ्रान्सचे राजे वाटले आणि १७९३ मध्ये त्यांची मुंडकी उडवली. १९७७ मध्ये एका खोदकामात त्यातली २१ सापडली. क्लुनी संग्रहालयात ती मांडलीत. नाकं फुटलेली, कुठे कुठे जुन्या रंगाचा अंश. नोत्र दाम आणि क्लुनी एकाच दिवशी करा, चालत जाता येतं.

बास्तीयही अगदीच गेलेला नाही. कार्नाव्हाले संग्रहालयात त्याच्याच दगडातून कोरलेली त्याची प्रतिकृती आहे. आणि नदीजवळ आँरी गाली नावाच्या छोट्या बागेत त्याच्या एका बुरुजाच्या पायाचे दगड आहेत, १८९९ मध्ये मेट्रोच्या खोदकामात सापडलेले. निघायच्या आदल्या दिवशी तिथे गेलो. भाचा त्या दगडांभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "मावशी, बुरूज गोल होता."