चर्चच्या सणाची फुलं: आधी संत कोण ते विचारा

सणाची ऑर्डर फोनवर आली की आमच्याकडची नवी पोरं आधी बजेट विचारतात. मी संत विचारते, आणि लगेच तारीख. बजेटचं खालीवर करता येतं. फादर लाल झग्यात उभे आणि मागे भिंतभर पांढरी शेवंती, याचं मात्र काही करता येत नाही. ते फोटो लोक वर्षभर बघतात.

नियम एका ओळीचा आहे. संत रक्तसाक्षी असेल, म्हणजे श्रद्धेपायी मारला गेला असेल, तर मिस्साचा (चर्चमधल्या उपासनेचा) रंग, म्हणजे फादरांच्या झग्याचा, लाल. नसेल तर पांढरा. आमचे वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेले, त्यामुळे त्यांच्या सणाला लाल ग्लॅडिओलस आणि अँथुरियम घ्यायचे, मध्ये थोडी तगर. योहान बाप्तिस्ता मात्र दोन्हीकडे आहे: 24 जूनला जन्माचा सण, पांढरा, 29 ऑगस्टला शिरच्छेदाचा, लाल.

आता चर्चच्या पाटीवरचं नाव. "सेंट फ्रान्सिस" एवढ्याने भागत नाही. असिसीचे 4 ऑक्टोबरला, झेवियर 3 डिसेंबरला, सेल्सचे 24 जानेवारीला. तिघंही रक्तसाक्षी नाहीत, म्हणून रंग चुकत नाही, पण दिवस चुकतो. कॅथरीनचं तसं नाही. सिएनाची 29 एप्रिलला, पांढरी. अलेक्झांड्रियाची 25 नोव्हेंबरला, लाल. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल या दुसरीचं, कारण पोर्तुगीज अल्बुकर्कने गोवा घेतला तो दिवस 25 नोव्हेंबर 1510, तिच्याच सणाचा. थॉमसचंही असंच: 3 जुलैचा तो प्रेषित, लाल; 28 जानेवारीचा अक्विनासचा, पांढरा.

फोनवरच्या माणसाला तारीख ठाऊक नसेल तर पुतळ्याचा फोटो मागवा आणि हात बघा. बाळ येशू आणि लिली असेल तर पादुआचा अंतोन, सण 13 जूनला. किल्ल्या असतील तर पीटर, तलवार असेल तर पॉल. दोघांचा सण एकच, 29 जून, लाल. अंगात बाण घुसलेले असतील तर सेबॅस्टियन, 20 जानेवारी, लाल. चाक असेल तर अलेक्झांड्रियाची कॅथरीन. हातात लिली आणि दाढी असेल तर बहुधा योसेफ. अंतोन आणि योसेफ या दोघांना मी निशिगंधच वापरते. खरी लिली जूनच्या दमटपणात तपकिरी पडते, आणि दादरच्या बाजारात तिचा भाव ऐकून माझं डोकं फिरतं.

योसेफाच्या ऑर्डरला एक प्रश्न जास्त: 19 मार्चचा की 1 मेचा? 19 मार्च नेहमीच प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, येतो. त्या काळात अल्तारापाशी (वेदीपाशी) फुलं लावत नाहीत, फक्त चौथा रविवार आणि मोठे सण सोडून. योसेफाचा सण मोठ्यात बसतो, म्हणून आदल्या संध्याकाळी लावायची आणि सण आटोपला की काढायची. तारीख रविवारी आली तर सण सरकतो. 2023 साली तो 20 मार्चला सोमवारी झाला. म्हणून फुलांचे आगाऊ पैसे देण्याआधी त्या वर्षीचं कॅलेंडर उघडा. झेवियरचा सण आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, पडतो. तिथे बंदी नाही, पण हात आखडता ठेवायचा.

मठांची ऑर्डर वेगळी. फादरांच्या नावामागची अक्षरं वाचा. एस.डी.बी. दिसलं की लोक "डॉन बॉस्कोचे" म्हणतात, आणि त्यांचा सण, 31 जानेवारी, धरून बसतात. पण या मंडळींना सेलेशियन म्हणतात ते सेल्सच्या फ्रान्सिसवरून. त्यामुळे त्यांच्या घरी 24 तारखेलाही सण असतो. आठवड्यात दोन ऑर्डर, ज्याला कळतं त्याला मिळतात. ओ.पी. म्हणजे डॉमिनिकन, ओ.एफ.एम. म्हणजे असिसीवाले, एस.एफ.एक्स. म्हणजे गोव्यातल्या पिलारचे झेवियरवाले. एस.जे. मध्ये संत शोधू नका, ते येशूसंघी (जेझुइट).

आणि नावावरून गर्दीचा अंदाज बांधू नका. माहीमचं चर्च मायकलचं, पण बुधवारी लोटणारी माणसं नोव्हेनाच्या प्रार्थनेला, येशूची आई मारिया हिच्यापाशी येतात. सणाची हारमाळ मायकलच्या पुतळ्याला, पण मारियेच्या चित्रापाशी टिकाऊ पानांचीच सजावट द्या. तिथे लोक स्वतः फुलं आणतात आणि तुमची दडपली जातात.

शेवटी मांडणी. फुलं अल्ताराच्या पुढे आणि बाजूला, टेबलावर नाहीत; उंची फादरांच्या कमरेखाली. फुलं खोचायच्या फोमचं पाणी निथळवून मगच आत न्यायचं. संगमरवरावर डाग पडला तर पुढच्या वर्षी ऑर्डर दुसऱ्याला जाते.