घाट चढायच्या आधी कॅम्परचं कूलिंग बघून घ्या

सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध राहतो म्हणून कूलिंग ठीक आहे असं धरू नका, कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मुळात जड, त्यात ऊन, चढ आणि स्पीड कमी म्हणजे समोरून वारा नाही, सगळं एकदमच येतं.

आधी रेडिएटर बघा. बहुतेक गाड्यांत पुढे एसीचा कंडेन्सर आणि मागे रेडिएटर, आणि खरी घाण त्या दोघांच्या फटीत बसते, टॉर्च मारून बघा, मेलेले किडे, पिसं, वाळकं गवत आणि वर ऑइलमध्ये चिकटलेली धूळ, अगदी गादीसारखा थर. मी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलून मोकळा झालो आणि दोष निघाला त्या थरात! पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, साध्या पाइपने, प्रेशर वॉशरने बारीक पात्या वाकतात.

मग रेडिएटरचं झाकण, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, पण 1 बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) झाकण दाब धरून असेल तर जवळपास 129 पर्यंत तग धरतं. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणजे उकळायचा आकडा अजून खाली येतो, त्यामुळे रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर सरळ नवीन झाकण घ्या. आणि नुसतं पाणी भरून घाटात जाऊच नका.

होज, म्हणजे कूलंटचा रबरी पाइप, दाबून बघा, लिबलिबीत लागला की बदला. बेल्टला चिरा नकोत. इलेक्ट्रिक फॅन एसी लावल्यावर फिरायला हवा, व्हिस्कस (आतल्या घट्ट द्रवाच्या क्लचवर फिरणारा फॅन) असेल तर इंजिन गरम करून बंद करा आणि हाताने ढकला, जड लागला पाहिजे, भिरभिर फिरत राहिला तर क्लच गेलाय.

वापरायच्या पाण्याच्या टाकीतलं 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, वर पाणी मिळणार असेल तर खालून भरून नेऊ नका. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत उशिरा हलतो, ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावा, तापमानाचा खरा आकडा दिसतो.

चढावर आकडा वाढायला लागला की एसी बंद, खालचा गियर, हीटर फुल, घाम फुटेल पण तो छोटा रेडिएटरच आहे. तरी चढतच राहिला तर थांबा, वाफ नसेल आणि कूलंट गळत नसेल तर इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवा. सोबत पाच लिटर पाणी, कूलंट, होज क्लिप, जाड फडकं ठेवा, पण वरचा होज हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका, अर्धा तास गेला तर जाऊ दे.