सत्तर सीटांच्या विमानात प्यायलेला प्रवासी आला तर

एटीआर-७२ मध्ये केबिन क्रू दोघेच, मधली वाट एकच, आणि कुणाला बाजूला नेऊन शांत करावं अशी जागा नाही. म्हणून प्यायलेल्या माणसाचा निर्णय जमिनीवरच घ्या. देशांतर्गत विमानात दारू देत नाहीत, पण माणूस कळंगुटच्या शॅकवरून पिऊनच गोव्याच्या मोपा विमानतळावर पोचतो. शेवटच्या पेगनंतर अर्ध्या ते दीड तासाने रक्तातलं दारूचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. चेक-इनला ठीक वाटलेल्याला पुण्याच्या वाटेवर खरी चढते, ती अशी.

गेटवर बोर्डिंग पास काढताना त्याचे हात बघा, चालताना पाय बघा. "कुठे निघालात? सोबत कोण आहे?" एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. नुसत्या वासावर जाऊ नका. रक्तातली साखर उतरलेला माणूसही घामाघूम होतो, अडखळतो, चिडतो. साखर फार चढली तर तोंडाला फळासारखा वास येतो. मधुमेह आहे का, हे विचाराच. शंका राहिली तर विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलवा.

थांबवायचं असेल तर विमानात चढण्याआधी थांबवा. नंतर उतरवलं तर त्याची चेक-इन बॅगही शोधून काढावी लागते आणि सगळ्यांचा खोळंबा होतो. मित्रांचा घोळका असेल तर त्यातला शुद्धीवरचा एक हेरा आणि बोलणं त्याच्याशीच करा. चारचौघांत नाक कापलं की प्यायलेला माणूस हटून बसतो.

चढू दिलंच तर आपत्कालीन दाराजवळ बसवू नका. खिडकीची सीट द्या, शेजारची रिकामी ठेवता आली तर उत्तम. दोघा-चौघांना पुढेमागे हलवण्याआधी कॅप्टनला विचारा, या विमानात वजनाचा तोल लगेच बदलतो. पाणी द्या, उलटीची पिशवी हाताशी ठेवा. कॉफीने नशा उतरत नाही. पाण्याच्या बाटलीत हुर्राक, म्हणजे काजूची दारू, भरून आणणारेही असतात. बाटली हिसकावू नका. "दादा, विमानात स्वतःची दारू घेता येत नाही, उतरताना परत देते," असं म्हणून मागा.

आवाज चढला तर आपला उतरवा. समोर छाती काढून उभं राहू नका, थोडं तिरकं आणि हातभर लांब राहा. एकीने बोलायचं, दुसरीने कॉकपिटला कळवायचं. दोघी एकाच माणसात गुंतल्या तर बाकीची केबिन वाऱ्यावर पडते. बांधणं हा शेवटचा उपाय, तोही कॅप्टनने सांगितल्यावरच. पालथं कधीही पाडू नका, पाठीवर किंवा छातीवर भार देऊ नका. श्वास कोंडून माणूस दगावतो. बांधल्यावर एकीने त्याच्यावरची नजर हलवू नये, आणि पट्टा कापायची कात्री जवळ असावी.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमांत तीन पातळ्या आहेत: शिवीगाळ, नशेतला दंगा यांना तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी, धक्काबुक्की, नको तिथे स्पर्श यांना सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं वर्तन, कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न यांना किमान दोन वर्षं. विमान कंपनीची समिती निर्णय देते तो कागदावरून, म्हणून अहवाल उतरल्याबरोबर लिहा. "दारू प्यायला होता" असं न लिहिता "दोनदा तोल गेला, १२ सी वरच्या बाईंचा हात धरला, वेळ ६.४०" असं लिहा. शब्द त्याचेच, शिवीसकट. शेजारच्या दोघांचे फोन नंबर दार उघडण्याआधी घ्या. बाहेर पडलेला प्रवासी पुन्हा हाती लागत नाही.