घरातला जुना डबल बेस विकायच्या आधी काय काय बघायचं

आमच्या मोठ्या बाबांचा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण माणसाएवढं उंच तारांचं वाद्य, नागपूरच्या महाल भागातल्या घरी जिन्याखाली कितीतरी वर्षं तसाच उभा होता. ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे, ते गेल्यावर कोणी हात लावला नाही, आणि मागच्या दिवाळीत घर आवरताना मोठी आई म्हणाली याचं काय ते पाहून घे बाप्पा आता. पहिला जो माणूस आला तो जुनं फर्निचर घेणारा, त्यानं उभ्या उभ्या ८ हजार सांगितले आणि मोठी आई देऊनही टाकत होती. मी थांबवलं आणि पुढचे दोन-तीन महिने हे वाद्य समजून घेण्यात घातले. नागपुरात कोणाच्या घरी असा बेस निघाला तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून राहिलो.

सगळ्यात पहिले म्हणजे काही करू नका. पॉलिश नको, ओला कपडा नको, आणि जुन्या आहेत म्हणून चारही तारा एकदम तर अजिबात सोडू नका. तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात ती घोडी, आत तिच्या बारीक तारेकडच्या पायाखाली एक उभी दांडी असते, तिला साउंडपोस्ट म्हणतात, ती चिकटवलेली नसते, फक्त दाबावर उभी असते. तारा सगळ्या ढिल्या केल्या की ती पडू शकते. आत काहीतरी खडखडत असेल तर बहुतेक ती आधीच पडलेली आहे, मग उलट तारा ताणू नका, कारण समोरची पाटी आधाराशिवाय दबते.

मग टेप घ्या. वरच्या नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या छोट्या पट्टीपासून, घोडीपर्यंत तारेची लांबी मोजा. १०४ ते १०६ सेंटिमीटरच्या आसपास आली तर तो ३/४ साइजचा. तीन चतुर्थांश ऐकून कमी समजू नका, मोठी माणसं जगभर बहुतेक हीच साइज वाजवतात. ११० च्या जवळ असेल तर फुल साइज, तो दुर्मिळ असतो पण गिऱ्हाईकही कमी.

आता खरी गोष्ट, लाकूड. भाव इथे ठरतो. बेस तीन प्रकारचे: पूर्ण प्लायवूडचा, समोरची पाटी अख्ख्या लाकडाची आणि पाठ-बाजू प्लायच्या असा हायब्रिड, आणि पूर्ण अख्ख्या लाकडाचा, कोरलेला. ओळखायचं कसं, तर मोबाईलचा टॉर्च घेऊन एफ होलची, म्हणजे समोरच्या पाटीवरच्या f आकाराच्या भोकाची, कड बघा, सँडविचसारखे थर दिसले की प्लाय. कडेला रंग जाड असेल तर दुसरी खूण, पाटीवरच्या उभ्या रेषा काठापर्यंत येऊन काठावरून खालीही उतरतात का ते बघा, अख्ख्या लाकडात उतरतात. तिसरी, आत छोटा आरसा किंवा मोबाईल घालून फोटो काढा, बाहेर जी रेषा किंवा गाठ जिथे आहे ती आतही तिथेच दिसली तर लाकूड अख्खं. पाठीसाठी हेच करायचं. आमचा हायब्रिड निघाला, समोर स्प्रूसचं लाकूड, मागे प्लाय.

आणि प्लाय निघाला तर मन खट्टू करू नका, हे मी नागपूरसाठी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, हवा इतकी कोरडी की दरवाजेसुद्धा आक्रसतात, त्यात घरोघरी कूलर, म्हणजे त्याच खोलीत एकदम दमट, मग जूनपासून पावसाळा. अख्खं लाकूड दरवर्षी आक्रसतं आणि फुगतं, त्याला तडे जायचेच. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो हे सहन करतो. आवाज कोरलेल्या बेसचा खोल असतो, मान्य, पण तीस उन्हाळे काढून सरळ उभा असलेला प्लायचा बेस मला फुटक्या कोरलेल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो आणि शिकणारा गिऱ्हाईक तोच मागतो.

लेबलचं सांगतो. आत चिठ्ठीवर स्ट्रॅडिव्हेरियस या जुन्या नामांकित इटालियन कारागिराचं नाव दिसलं म्हणून कोटींची स्वप्नं बघू नका, कारखान्यात बनलेल्या हजारो वाद्यांत ही नावं नमुना म्हणून चिकटवलेली आहेत. लेबलवर नावापेक्षा देश वाचा. वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ ते १९९० मधला, चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ ते १९९२ मधला, कारण तो देशच तेवढा काळ होता. आमच्यावर चेकोस्लोव्हाकिया होतं. के नावाच्या अमेरिकन कंपनीचे प्लायचे बेस १९३७ पासून यायचे, त्यात आत सिरियल नंबर असतो, तसा काही नंबर दिसला तर लिहून ठेवा.

नुकसान बघताना सगळे तडे सारखे नसतात. बाजूची पट्टी आणि पाटी यांच्यातला सांधा सुटला असेल तर घाबरू नका, जुनी वाद्यं सरसानं जोडतात ती यासाठीच की ताण आला तर लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा. बोटानं काठाकाठानं टकटक करत फिरा, सुटलेल्या जागी आवाज फाटका येतो. पण साउंडपोस्टच्या बरोबर वरचा तडा, मानेच्या बुडाशी तडा, किंवा कोणी सुतारानं फेविकॉल वा एपॉक्सी भरून ठेवलेला सांधा, हे महागातलं काम, भाव बराच उतरतो. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा बोटांनी दाबतात त्या लांब पट्टीच्या, शेवटी जाड तार एक सेंटिमीटरपेक्षा खूपच वर असेल तर मान पुढे आली असेल किंवा पाटी दबली असेल. तळाशी पिठासारखी भुकटी आणि बारीक भोकं दिसली तर किडा आहे, तो लपवू नका.

गज, म्हणजे तारांवर घासून वाजवायची काठी, वेगळा बघा. कधीकधी गजाचेच पैसे जास्त येतात. पण त्यात हस्तिदंताचा तुकडा वाटला तर आधी नीट विचारून घ्या, वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताची विक्री बंद आहे.

आता किंमत. ऑनलाइन लोक जे मागतात तो भाव नसतो, विकला कितीला गेला तो भाव. माझा हिशोब असा की त्याच जातीचा नवा बेस आज कितीला पडतो ते दोन-तीन ठिकाणी विचारायचं, समजा १ लाख २० हजार, आपला वाजवायला तयार असेल तर त्याच्या निम्म्यापासून सुरुवात, आणि जे काम बाकी ते वजा. नुसता तारांचा चांगला सेट १० हजारांच्या वर जातो, म्हणून हे वजा करणं साधं नाही. जुन्या पूर्ण कोरलेल्या बेसला मात्र हा हिशोब लावू नका, तो नव्यापेक्षा महाग असू शकतो, तिथे व्हायोलिन-चेलोच्या चांगल्या कारागिराला ठरलेली फी देऊन लेखी किंमत काढून घ्या. आणि जो विकत घेणार आहे त्यालाच किंमत विचारायची नाही कधी.

गिऱ्हाईक नागपुरात मिळणं कठीण. मुंबई, पुणे, गोवा, कोलकाता इकडे वाजवणारे आहेत, मुंबईत तर २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. फोटो दिवसा काढा, समोर, मागे, बाजू, वरचं वळण, एफ होलची कड, लेबल, प्रत्येक तडा, आणि चारही तारा एकेक करून वाजवल्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ. मी तडे आधी दाखवले आणि मग चांगले फोटो, त्यामुळे नंतर घासाघीस झालीच नाही. पुण्याच्या एका शिकणाऱ्या मुलीनं ५५ हजारांत घेतला, गजासकट. मोठ्या आईनं तिला फोनवर दोनदा विचारलं, रोज वाजवशील ना.

पाठवायचा तर फेब्रुवारीच्या आत पाठवा, उन्हाळ्यात बंद गाडीत सांधे सुटतात. तारा थोड्याच ढिल्या करा, घोडीच्या खाली-वर आणि तारांची खालची टोकं अडकवलेल्या शेपटीच्या पट्टीखाली जुने टॉवेल भरा, आणि गाडीत आडवा ठेवताना कुशीवर ठेवा, घोडीवर वजन येऊ द्यायचं नाही.