मे महिन्यातला वाढदिवस, विदर्भाचं ऊन आन् आपल्या किडेगिरीचे गिफ्ट

मे मध्ये ज्याचा वाढदिवस येते त्याला वर्गात चॉकलेट वाटायचा चान्स कधीच भेटत नाही, शाळा बंद, आन् आपल्या विदर्भात तर सुट्ट्या जूनच्या शेवटापर्यंत चालतात. अर्धे दोस्त मामाच्या गावाला, बाकीचे कोणाच्या तरी वरातीत, घरचे सगळे दुपारी कूलरपुढं आडवे. वरून तुम्हाला टेलिस्कोप, आर्डुइनो (सेन्सर जोडून प्रोग्राम करता येते असा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), रुबिकचा क्यूब, पक्षी बघणं असे किडे, म्हणजे छंद, असतील तर गिफ्टमध्ये काय येते? शर्टपीस, भिंतीवरचं घड्याळ आन् पाकिटात १०१ रुपये. याला उपाय आहे राजेहो, पण तो एप्रिलमध्येच सुरू करा लागते.

पहिली गोष्ट म्हणजे मागायला लाजू नका, पण मागताना नीट मागा. "मले इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी पाह्यजे" असं म्हणाल तर मामा जत्रेतला रिमोटचा हेलिकॉप्टर घेऊन येईल, त्याची काय चूक? वस्तूचं पूर्ण नाव, फोटो, अंदाजे किंमत आन् कुठं भेटते एवढं लिहून फॅमिली ग्रुपवर टाका, आन् आईलाही तोंडानं सांगून ठेवा कारण ग्रुपवरचं अर्धे लोक वाचतच नाहीत, गुड मॉर्निंगच्या फुलांत सगळं वाहून जाते. लिस्ट छोटी ठेवा. आन् एक मोठी वस्तू असेल तर वर्गणी करा, पैसे एकाच माणसाकडं जमा, शक्यतो आत्या किंवा मावशी, जिला यूपीआय पण जमते आन् जिच्यापुढं कोणी "पुढच्या महिन्यात देतो" म्हणू शकत नाही. मे म्हणजे लग्नसराई, लोकांचे खिसे आधीच बस्ता-अहेरात रिकामे झालेले असतात, त्यामुळं प्रत्येकी दोनशे-तीनशेची वर्गणी त्यांनाही परवडते आन् तुमच्या हाती एक कामाची वस्तू येते.

पण आजी-आजोबांना वर्गणी पटत नाही, "रिकाम्या हातानं कसं ओवाळायचं" म्हणतात, तर त्यांच्यासाठी लिस्टमध्ये हातात धरता येईल असं स्वस्त काहीतरी ठेवाच. स्क्रू ड्रायव्हरचा सेट, चांगला टॉर्च, मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर).

घरातून "हे काय कामाचं?" हा प्रश्न येणारच, आन् त्याचं उत्तर शेतातून द्या. मल्टीमीटर मागताना बाबाला सांगा की बाबा यानं ट्रॅक्टरची बॅटरी कळते, उभ्या ट्रॅक्टरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं म्हणजे फुल, १२ च्या खाली गेली म्हणजे उतरली. जमिनीच्या ओलाव्याचा सेन्सर संत्र्याच्या झाडाखाली लावून दाखवतो म्हणा. फक्त तो सेन्सर कपॅसिटिव्ह प्रकारचा, म्हणजे धातू झाकलेला असते तो, मागवा, दोन उघड्या पायांचा जो स्वस्त येते तो ओल्या मातीत गंजून जाते. आन् हो, मीटर भेटला म्हणून मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत हात घालू नका, ते वायरमनचं काम आहे.

आता मागायचं काय, याच्यात आपलं ऊन आधी पाहा लागते. इंटरनेटवरच्या लिस्टा थंड गावच्या लोकांनी बनवलेल्या असतात, इथं चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं सावलीतच पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. आर्डुइनोच्या किटमध्ये जो निळा तापमानाचा सेन्सर येते, डीएचटी११, तो ० ते ५० डिग्रीपर्यंतच मोजते आन् त्यात २ डिग्री इकडं-तिकडं चालते, म्हणजे आपल्या छपराखाली तो बिचारा हात वर करते. त्याच्याऐवजी डीएचटी२२ मागा, तो ८० पर्यंत जाते, नाहीतर स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२०, तो पाण्यात बुडवला तरी चालते आन् १२५ डिग्रीपर्यंत मोजते, मग विहिरीचं पाणी, टाकीचं पाणी, गोठा, सगळीकडं लावून हिंडा.

लिथियम बॅटरीवाली कोणतीही वस्तू, ड्रोन असो का पॉवर बँक, ४५ डिग्रीच्या वर चार्जिंगला लावायची नाही, आन् आपल्याकडं दुपारी खोलीच तेवढी तापलेली असते, म्हणून चार्जिंग पहाटे. थ्रीडी प्रिंटर, म्हणजे प्लास्टिक वितळवून वस्तू बनवणारं मशीन, पहिल्याच वाढदिवसाला मागू नका असं माझं मत आहे, कारण प्रिंट चालते सहा-सात तास आन् मे मध्ये संध्याकाळी वादळ आलं की लाईन गेलीच समजा. डिझाईन स्वतः शिका, प्रिंट शहरातून करून आणा. या प्रिंटरच्या पीएलए नावाच्या प्लास्टिकच्या वस्तू ६० डिग्रीच्या आसपास नरम पडतात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला गणपती वाकडा होते, लक्षात ठेवा. सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून पार्ट जोडणं, तेही रात्रीच, ओसरीवर, कूलरपासून दूर, कारण कूलरच्या झोतात पाण्याचे थेंब असतात आन् ते बोर्डावर उडाले की झालं कल्याण.

टेलिस्कोपवाल्यांसाठी जरा जास्त लिहितो, कारण गावात राहण्याचा खरा फायदा इथंच आहे. खोक्यावर ५२५ पट मोठं दिसते असं छापलेलं असलं की ते तिथंच ठेवून द्या. साधा हिशोब असा की पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा त्याच्या दुप्पट, त्याच्यापुढं फक्त धूसर गोळा दिसते. ७० मिलिमीटरचा असेल तर १४० पट झालं डोक्यावरून पाणी. शनीची कडी तीसेक पटीतही दिसतात, एवढं काही लागत नाही. स्टँड हलते का ते आधी पाहा, हलणाऱ्या स्टँडवरचा भारी टेलिस्कोप काहीच कामाचा नाही. आन् पहिल्यांदाच घेत असाल तर मी म्हणेन १० बाय ५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, त्यात गुरूचे चंद्र दिसतात, चंद्रावरचे खड्डे दिसतात, आन् सकाळी तीच पाणवठ्यावर पक्षी पाहायला नेता येते. सूर्याकडं मात्र कोणत्याच भिंगातून पाहायचं नाही, डोळा जाते.

बुद्धिबळ मागायचं असेल तर आता सोपं झालंय, नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कप जिंकला आन् ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून कोणी "बसून काय खेळता" म्हणत नाही. गुंडाळता येणारा रेक्झिनसारखा पट घ्या. क्यूब घ्यायचा तर मॅग्नेटवाला.

ऑर्डर पंधरा दिवस आधी टाका. बऱ्याच गावांच्या पिनकोडला डिलिव्हरीच नसते, मग तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या आन् त्या दुकानदार काकांना आधी सांगा, नाहीतर ते पार्सल परत पाठवतात. छोटे पार्ट असतील तर कोणी नागपूरला जाणारा असेल त्याला बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणायला सांगा, पण चिठ्ठीवर पार्ट नंबर लिहून द्या.

आता वाढदिवसाचा दिवस. दुपारी कोणाला बोलावू नका, एक गोष्ट सोडून. तुमचा वाढदिवस २० ते २७ मे च्या मध्ये असेल तर तुम्ही नशीबवान, कारण त्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येते, सूर्य बरोबर डोक्यावर. चंद्रपूरकडं २० मेच्या आसपास, यवतमाळला २२, अमरावतीला २४-२५, नागपूरला २६. दुपारी १२ वाजून १० ते २० मिनिटांच्या दरम्यान अंगणात स्टीलचा ग्लास उपडा ठेवा, पाइपचा तुकडा उभा करा, सावली त्याच्याच बुडाखाली गायब. लहान पोरं येडे होतात पाहून. डोक्याला दुपट्टा बांधून दहा मिनिटं, फोटो काढा, मग आत येऊन पन्हं. नवतपाही (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) २५ मेच्या आसपासच लागते, त्यामुळं जास्त हिरोगिरी नको.

खरा कार्यक्रम सूर्य बुडाल्यावर. तालुक्यावरून क्रीमचा केक आणाल तर गावात पोचेपर्यंत त्याची लस्सी होते, त्यापेक्षा विहिरीच्या पाण्यात गार केलेलं टरबूज कापा, मेणबत्ती त्याच्यातही उभी राहते. आमरस तर असतोच. पाच-सहा दोस्त गावात उरले असतील तर वावरात रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) लावा, वांग्याची भाजी, वरण, गोवऱ्यांचा विस्तव नंतर नीट पाणी टाकून विझवा कारण बाजूला वाळलेला कचरा असते. तोपर्यंत नऊ वाजतात आन् तुमचं नवीन गिफ्ट बाहेर काढायची वेळ होते. मे च्या दुसऱ्या पंधरवड्यात साधारण नऊच्या सुमारास दक्षिणेला अगदी खाली, क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा डिग्रीपर्यंत, त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दिसते, झाडं आडवी नसलेली जागा शोधा. उत्तरेला सप्तर्षी, त्यात वसिष्ठाजवळची अरुंधती ज्याला नुसत्या डोळ्यानं दिसली त्याला रोडगा एक्स्ट्रा. तोपर्यंत आग्नेयेकडून विंचूही (वृश्चिक) वर येत असते, ज्येष्ठा हा लाल तारा घेऊन. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पौर्णिमा आधी पाहून घ्या, बुद्धपौर्णिमेच्या आसपास चांदणं एवढं असते की तारे सोडून द्या आन् चंद्रच पाहा.

गिफ्ट घेताना देणाऱ्यासमोर तोंड वाकडं करायचं नाही, शर्टपीस असला तरी पाया पडा आन् घ्या. मोठा काका तरीही घड्याळ आणणारच. घड्याळही वाया जात नाही, त्याच्यात एका सेलवर चालणारं मशीन आन् सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा असते, महिनाभर भिंतीवर राहू द्या, काका येऊन पाहून गेले की मग उघडा. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना वस्तू चालू असतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा, "बॅटरी इतके व्होल्ट दाखवली", "शनी असा दिसला" असं, पुढच्या वर्षी मागायला तोंड राहते.

बाकी एक काम जूनआधी करून ठेवा. पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी धरते आन् ती निघता निघत नाही, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या, चपलांच्या नाहीतर औषधांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आतापासूनच गोळा करा, त्या डब्यात टाका आन् दुर्बीण तिथंच ठेवा, आईनं लोणच्यासाठी तो डबा मागायच्या आत.