निळी स्क्रीन दिसली की सगळे ड्रायव्हर अपडेट करत सुटू नका

"पीसी सारखा क्रॅश होतोय, सगळे ड्रायव्हर अपडेट मारू का?" या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: नको. ड्रायव्हर म्हणजे वायफाय, ग्राफिक्स अशा एकेका भागाशी विंडोजला बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम. जुन्या ड्रायव्हरमुळे विंडोज कोसळतं हे खरंच, पण कोसळवणारा बहुतेक वेळा एकच असतो. तो कोण, हे शोधायला दहा मिनिटं लागतात आणि नेमकी तीच कुणाला द्यायची नसतात.

क्रॅश होताना येणाऱ्या निळ्या (नव्या विंडोज ११ मध्ये काळ्या) स्क्रीनवर स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, येतो, कधी त्याच्याखाली फाइलचं नावही येतं. त्याचा फोटो काढा. क्यूआर कोड असेल तर लोक तो स्कॅन करतात, पण त्यातून उघडतं ते सगळ्यांसाठी एकच असलेलं मदतीचं पान. फोटो हुकला तर सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये नोंद सापडते, ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या प्रोग्राममध्ये ती वाचता येते. तिथे 'एनटीओएसकेआरएनएल' दिसलं म्हणून विंडोजलाच दोष देऊ नका. ते कर्नल आहे, म्हणजे विंडोजचा गाभा. गडबड बहुधा दुसऱ्याने केलेली असते, नाव याचं येतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. ओळखीतल्या एकाचा लॅपटॉप व्हिडिओ कॉल चालू असतानाच क्रॅश व्हायचा. पठ्ठ्याने ड्रायव्हरांची माहिती दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर निम्म्या ड्रायव्हरांवर तारीख २१ जून २००६. एवढे जुने ड्रायव्हर बघून तो हादरला आणि एक फुकट 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवून बसला. त्या अपडेटरने लाल अक्षरांत लांबलचक यादी दाखवली, याने 'सगळे दुरुस्त करा' दाबलं. रीस्टार्टनंतर टचपॅड मेलेला, आवाज गायब आणि क्रॅश मात्र जागच्या जागी.

ती तारीख मायक्रोसॉफ्ट मुद्दाम टाकतं. विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर जुनी तारीख ठेवली की उत्पादकाचा तितकाच जुळणारा ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. ड्रायव्हर किती नवा आहे ते बघायचं तर आवृत्ती क्रमांक बघा. रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने साठवलेली आधीची स्थिती, शिल्लक होता म्हणून त्याचा लॅपटॉप मागे नेता आला. मग मिनीडंप उघडले, तर प्रत्येकात तीच वायफायची फाइल. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर घेतला आणि कॉल सुरळीत झाले. त्या यादीतलं बाकी काहीही बदलायची गरज नव्हती. असले अपडेटर मी कुणाच्याही मशीनवर दिसले की आधी काढून टाकतो.

'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' आला तर संशय ग्राफिक्सवर घ्या. ग्राफिक्स ड्रायव्हरला ठरलेल्या वेळेत, मुळात २ सेकंदांत, उत्तर देता आलं नाही की विंडोज त्याला रीसेट करायला बघतं. ते जमलं नाही की ही स्क्रीन येते. मग लोक नव्यावर नवा ड्रायव्हर थापत जातात. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधी डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करून, म्हणजे मागचा ड्रायव्हर परत आणून बघा. ते बटण फिकं असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेलाच नाही. मग मी इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालू करून) डीडीयू या ग्राफिक्स ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना साफ करतो आणि नवा टाकतो. नेट चालू ठेवलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

ड्रायव्हर शोधायला सांगितल्यावर येणाऱ्या 'सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे' या विंडोजच्या उत्तरावर विसंबू नका. त्याला सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधला 'कर्नल पॉवर ४१' हे कारण नव्हे. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो.

बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर एकाच बैठकीत बदलू नका. एक बदला, दोन दिवस वापरा. घाई असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरांवर ताण देऊन तपासणारं विंडोजचं साधन, हौस म्हणून चालू करू नका. तो मुद्दाम क्रॅश घडवतो; सेफ मोडमध्ये जाऊन तो बंद कसा करायचा हे माहीत असेल तरच हात लावा.

काहीही बदलण्याआधी वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा. नेटच गेलं तर उतरवणार कुठून?

आणि दर वेळी वेगळा कोड, वेगळी फाइल येत असेल तर ड्रायव्हरांच्या मागे लागणं थांबवा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावा, रॅम तपासा.